जंतू, क्षेत्र आणि उंदीर

वैद्यांच्या कोणत्याही बैठकीत ज्वराचा विषय निघाला की थोड्याच वेळात एक वाक्य हमखास कानी पडते : जंतू निमित्तमात्र असतात, क्षेत्र शुद्ध असेल तर ते काय करणार ? सभागृहात माना डोलतात आणि चर्चा पुढे सरकते. प्रस्तुत लेखकानेही हे वाक्य अनेक वर्षे म्हटले आहे. रुग्णांसमोर म्हटले आहे, एका महाविद्यालयाच्या व्याख्यानातही म्हटले आहे. त्यातील अर्धे सत्य आजही मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्याने मात्र आपल्या व्यवसायाची आणि रुग्णांची हानी होत आहे, असे माझे मत बनले असून ते परखडपणे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम स्वतःचा अपराध सांगतो. २००५ सालच्या ऑगस्टमधील ही गोष्ट. पदवी घेऊन मला तीन वर्षे झाली होती आणि लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर माझे चिकित्सालय होते. २६ जुलैच्या पावसाला दहाबारा दिवस लोटले होते. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आता सर्वांना पाठ आहे. एक तिशीतला तरुण तापाच्या तिसऱ्या दिवशी आईसमवेत आला. थंडी वाजून ताप, सर्वांगवेदना, डोके जड आणि पोटऱ्यांत असह्य कळा. पिंडिकोद्वेष्टन ! वातज्वराच्या लक्षणांत हे लक्षण ग्रंथात वाचलेले होते आणि ते इतके स्पष्ट समोर बसलेले पाहून मला मनातून आनंदच झाला, हे कबूल करावयास हवे. वातज्वराची चिकित्सा दिली. पाचव्या दिवशी डोळे लाल झाले, त्यांच्या कडांवर पिवळी झाक दिसू लागली. पित्तानुबंध मानून आरोग्यवर्धिनी आणि कुटकी जोडली. सहाव्या दिवशी आई एकटीच आली आणि म्हणाली, "वैद्यबुवा, सकाळपासून लघवीच झाली नाही हो त्याला." तेव्हा कोठे माझे डोळे उघडले. महापालिकेच्या रुग्णालयात त्याचे रक्त अनेकदा कृत्रिम मूत्रपिंडावर शुद्ध करावे लागले. निदान लेप्टोस्पायरोसिस. तो वाचला, माझ्यामुळे वाचला असे म्हणण्याची सोय नाही.

२६ जुलैच्या रात्री हा तरुण कुर्ल्याहून लालबागपर्यंत कंबरभर पाण्यातून चालत आला होता आणि त्याच्या पायाला आधीच जखम होती. मी हे त्याला विचारलेच नव्हते. निदानपंचकात हेतू प्रथम येतो, हे मी परीक्षेत लिहिले होते. त्याहून लाजिरवाणी बाब अशी की सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील मूषिककल्प मला चांगला येत होता. मूषकांचे अठरा प्रकार, त्यांचे शुक्र, मूत्र, पुरीष, नख आणि दंत ही विषाची अधिष्ठाने, त्यांच्या स्पर्शाने दूषित वस्तूंपासून होणारा ज्वर, ग्रंथी, शोफ हे सर्व मुखोद्गत होते. उंदराचे मूत्र मनुष्यास घातक होऊ शकते, हे शास्त्राने सांगितलेले असताना पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या ज्वरिताला एक प्रश्न विचारण्याचे मला सुचले नाही. त्यामुळे ‘आयुर्वेद कमी पडला’ असे मी म्हणणार नाही. वैद्य कमी पडला.

आता या जंतूची कार्यपद्धती पाहू, कारण तिच्याविषयी आपल्यात फार ढोबळ कल्पना आहेत. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा वेटोळा जीव. उंदराच्या मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांमध्ये तो वस्ती करतो आणि उंदराला त्याचा फारसा उपद्रव होत नाही. उंदीर जन्मभर मूत्रावाटे त्याला बाहेर टाकीत राहतो. गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा यांच्यातही तो राहतो. गाईंमध्ये मात्र गर्भपात आणि दूध घटणे असे परिणाम दिसतात. पावसाच्या साचलेल्या पाण्यात तो टिकून राहतो. पायाची भेग, खरचटलेली त्वचा, डोळ्याची श्लेष्मल कला यांतून तो शरीरात शिरतो, मळसूत्र फिरावे तसा ऊतींमधून वाट काढीत रक्तात पोचतो आणि यकृत, वृक्क व रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. पहिल्या आठवड्यात योग्य प्रतिजैविक मिळाले तर बहुतेक रुग्ण सुखरूप बाहेर येतात. कावीळ आणि मूत्रनिरोध एकत्र दिसू लागल्यावर धोका फार वाढलेला असतो. मी घालविलेले तीन दिवस नेमके यातलेच होते.

येथे क्षेत्रवादी मित्र म्हणतील, उंदीर आजारी पडत नाही, मनुष्य पडतो. म्हणजे क्षेत्राचेच प्राधान्य सिद्ध झाले. हे मला मान्य आहे. क्षयाचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. क्षयजंतूचा संसर्ग झालेल्या दहा व्यक्तींपैकी साधारण एकीलाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. कुपोषण, मधुमेह, कोंदट घर यांनी ते प्रमाण वाढते. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाच्या आसपास ज्यांनी व्यवसाय केला आहे त्यांना हे आकड्यांवाचूनही ठाऊक असते. धातुक्षय, ओजःक्षय या आपल्या संकल्पनांना येथे खरी जागा आहे. परंतु क्षेत्र महत्त्वाचे असल्यामुळे बीज गौण ठरते, हा निष्कर्ष कोणत्या प्रमाणाने काढला ? शेतकरी तसा काढीत नाही. उत्तम जमिनीतही तण बी असल्यावाचून उगवत नाही, हे त्याला कळते.

याच मुंबईत, याच दक्षिण-मध्य भागात, ह्या वादाचा निकाल एकदा लागलेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या वस्तीत डॉ. अकॅशियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक ज्वराचे रुग्ण पाहून हा प्लेग आहे असे जाहीर केले. प्लेगचा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ साली हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कोणास ठाऊक नव्हते. सरकारी अधिकारी गटारे धूत होते, घरांना चुना लावीत होते, छपरे उघडून ऊन आत घेत होते, सामानसुमान जाळीत होते. ओलसर भूमी, कोंदट हवा, घाण यांना दोष दिला जात होता. म्हणजे आजच्या भाषेत सांगावयाचे तर साहेब लोकही ‘क्षेत्र’च स्वच्छ करीत होते. आणि हाकलून लावलेले उंदीर शेजारच्या चाळीत जात होते.

सामान्य लोकांनी मात्र एक गोष्ट हेरली होती. घरात उंदीर पडू लागले की घर सोडावे आणि रानात झोपडी बांधून राहावे. शास्त्रज्ञांना तेथवर यायला वेळ लागला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने १८९८ साली कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसू हा दुवा दाखविला, पण त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. पुढे कॅप्टन लिस्टन यांनी मुंबईत प्लेगग्रस्त घरांत गिनिपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा करून दाखविल्या आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने ते काम तडीस नेले. ही प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन संस्था. वाल्डेमार हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. आपल्या वाचकांना रुचेल असा एक तपशील सांगतो : जंतूंची वाढ करताना हाफकिन यांनी रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले होते आणि त्या थेंबांखाली जंतूंचे झुबके झुंबरासारखे लोंबत वाढत.

प्लेगच्या जंतूची चतुराई थक्क करणारी आहे. पिसवेच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी तो वाढून बूच बसवितो. पिसू रक्त पिते पण ते पोटात उतरत नाही. उपाशी पिसू वेड्यासारखी चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यात अडकलेले रक्त जंतूंसह परत ओकते. मनुष्याच्या शरीरात शिरल्यावर तो जवळच्या लसीकाग्रंथीत पोचतो. तेथे भक्षकपेशी त्याला गिळावयास येतात तेव्हा तो आपल्या अंगावरील सुईसारख्या सूक्ष्म पिचकारीने त्या पेशीत काही प्रथिने टोचतो आणि पेशी लुळी पडते. ज्यांना तो मारीत होता ते सगळे दुर्बळ आणि हीनसत्त्व नव्हते. त्यांत गोदीत पोती वाहणारे आणि गिरणीत दोन पाळ्या ओढणारे धट्टेकट्टे तरुण होते. शुद्ध क्षेत्राचा युक्तिवाद त्यांच्या आयांसमोर करून दाखवावा.

ह्या पिचकारीचा उल्लेख मुद्दाम केला. कारण तशाच घडणीची पिचकारी सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेतही सापडते. गेल्या पंचवीसएक वर्षांत सोलापूर-नाशिककडील डाळिंब बागांना ‘तेल्या’ने किती रडविले, हे आपल्यापैकी ज्यांचे गाव त्या भागात आहे त्यांना सांगावयास नको. पानावर प्रथम तेलकट, पाणचट ठिपका, मग काळा डाग, फळावर डागांतून इंग्रजी ‘वाय’ किंवा ‘एल’ अक्षरासारख्या भेगा, आणि उभे फळ तडकते. झॅन्थोमोनास वंशाचा हा जंतू पानाच्या श्वसनरंध्रांतून किंवा काटे, छाटणी, कीड यांनी झालेल्या जखमांतून आत शिरतो, पावसाच्या थेंबांच्या शिंतोड्यांवर स्वार होऊन झाडावरून झाडावर जातो आणि वनस्पतीच्या पेशींत आपली प्रथिने टोचून तिची प्रतिकारयंत्रणा बंद पाडतो. मांडवीच्या चाळीतला जंतू आणि सांगोल्याच्या बागेतला जंतू यांचे हत्यार एकाच कुळातले निघावे, ही गोष्ट मला प्रथम कळली तेव्हा दोन दिवस दुसरे काही सुचले नाही. वृक्षायुर्वेदात सुरपालाने वृक्षांचे रोगही वात, पित्त, कफानुसार सांगितले. मनुष्य, पशू आणि वृक्ष यांना एका सूत्रात पाहण्याची आपली दृष्टी त्या काळी होती. ती पुढे चालविण्याचे काम सूक्ष्मदर्शकवाल्यांनी केले आणि आपण ग्रंथांची पारायणे करीत राहिलो.

पशूंच्या बाबतीतही असेच. घटसर्प, फऱ्या, फाशी ही नावे गावातील गुराखी जाणतो. फऱ्याचा जंतू बीजाणूरूपाने मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो आणि गुराच्या मांसल भागात विष निर्माण करून त्याला दोनतीन दिवसांत संपवितो. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ ची. हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय आणि हे महाविद्यालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, परंतु आपल्यापैकी किती वैद्यांनी तेथील उंबरठा ओलांडला आहे ? मी स्वतः चाळिशी उलटल्यावर प्रथम ओलांडला.

एका सवयीविषयी येथेच बोलून घेतो. चरकाने रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मत्वामुळे अदृश्य असतात असे म्हटले आहे, यावरून आपल्या पूर्वजांना जीवाणू ठाऊक होते, असे आपण स्मरणिकांतून लिहितो. केशाद, लोमाद इत्यादी नावे आणि त्यांची कुष्ठसमान चिकित्सा पाहता तो अर्थ ओढूनताणून काढलेला आहे. त्याऐवजी सुश्रुताने स्पर्श, सहभोजन, एकशय्या यांनी ज्वर, शोष, कुष्ठ, नेत्राभिष्यंद हे रोग एकापासून दुसऱ्यास होतात असे जे स्वच्छ निरीक्षण नोंदविले, ते कितीतरी मोलाचे आहे. चरकाच्या जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश आणि काल यांच्या वैगुण्याने भिन्न प्रकृतीच्या माणसांना एकाच वेळी रोग होतात, असे सांगितले आहे. प्रकृती वेगळी असूनही सर्व आजारी पडतात ! म्हणजे केवळ वैयक्तिक क्षेत्राने उत्तर मिळत नाही, हे खुद्द आचार्यांनीच मान्य केलेले आहे.

आता औषधनिर्मात्यांकडे वळतो, आणि येथे मी अधिक कठोर होणार आहे. मुंबईच्या पावसाळ्यात आपल्या काष्ठौषधी कोठे आणि कशा राहतात ? काही वर्षांपूर्वी मी मशीद बंदरच्या बाजूला एका गोदामात दाडिमत्वक् घ्यावयास गेलो होतो. पोती भिंतीला टेकून ओल्या फरशीवर होती आणि त्यांवर उंदरांच्या लेंड्या होत्या. दुकानदाराने हाताने त्या झटकल्या आणि म्हणाला, "साहेब, दळल्यावर काय राहतंय ?" सालींवर तेल्याचे डागही होते. त्या डागांना मी भ्यालो नाही, कारण डाळिंबाला मारणारा तो जंतू मनुष्याला रोग करीत नाही; प्रत्येक जंतूचे आपले क्षेत्र ठरलेले असते आणि या अर्थाने क्षेत्रवाद अगदी खरा आहे. मला भीती वाटली ती लेंड्यांची आणि ओलीची. दळल्यावर सगळे राहते. उलट एका कोपऱ्यातील दूषण संपूर्ण घाणीत सारखे मिसळते.

आणि दुसऱ्यांकडे बोट कशाला दाखवू ? त्याच वर्षी मी स्वतःच्या चिकित्सालयात कुटून ठेवलेली तीन चूर्णे तपासणीस पाठविली. औषधसंहितेनुसार एका ग्रॅममध्ये एकूण जीवाणूंची मर्यादा एक लाख, बुरशीची एक हजार, आणि ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस व स्यूडोमोनास मुळीच असता कामा नयेत. माझ्या तीन चूर्णांपैकी एकात ई. कोलाय निघाला. ग्रहणीच्या रुग्णांना मी ते महिनाभर देत होतो ! २००० साली अनुसूची ‘टी’ आली तेव्हा स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनविणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना तिच्या कक्षेतून वगळण्यात आले. आपल्या संघटनांनी त्याचे स्वागत केले आणि ते योग्यही होते, कारण लहान वैद्याला कारखान्याचे नियम परवडणारे नाहीत. पण कायद्याने सूट दिली म्हणून जंतूनेही दिली, असे काही होत नाही.

पूर्वाचार्यांना ही जाण होती. शार्ङ्गधराने चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते असे म्हटले. आजचा कायदा त्याला पुष्कळ अधिक मुदत देतो आणि आपण ती पुरेपूर वापरतो. चरकाच्या कल्पस्थानात भेषजागाराचे वर्णन आहे : निवारा असलेले, पूर्व किंवा उत्तराभिमुख दाराचे, आणि जेथे अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद पोचणार नाहीत असे. औषधे झाकून शिंक्यावर टांगावीत असेही तेथे सांगितले आहे. उंदीर पुन्हा आलाच. आसवारिष्टांतील मद्य, अवलेहातील शर्करा, भस्मांचे पुट यांत जंतूला वाव कमी. चूर्णाला असे कोणतेही कवच नाही. काढा उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, परंतु बीजाणू तरतात आणि सकाळी केलेला काढा संध्याकाळपर्यंत कोमट ठेवला की ते पुन्हा अंकुरतात. बाटलीतून काढा देणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात घ्यावे.

प्रतिजैविकांचा विषय टाळून चालणार नाही. महाराष्ट्रात आपल्यापैकी बहुसंख्य वैद्य ती लिहितात, हे उघड गुपित आहे. तेल्या आटोक्यात यावा म्हणून डाळिंबांवर स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण वर्षानुवर्षे फवारले गेले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरील पहिले प्रभावी औषध, १९४४ च्या सुमारास मातीतल्याच एका जीवाणूपासून मिळालेले. मानवी औषध शेतावर शिंपडल्याने जंतू निर्ढावतात, या कारणास्तव केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये त्यावर टप्प्याटप्प्याने बंदी घालणारा मसुदा काढला. शेतकऱ्याला आपण दोष देतो. पण साध्या पडशाला तीन दिवसांच्या गोळ्या लिहिणारा वैद्य त्याच्याहून वेगळे काय करतो? बाग त्याच्या पोटाचा प्रश्न असते, आपल्या बाबतीत रुग्ण दुसरीकडे जाईल एवढेच भय असते. पडशाला आपली लक्ष्मीविलास, सितोपलादी द्यावीत, आणि जेथे प्रतिजैविकावाचून प्राण जाईल तेथे एक तासही दवडू नये. माझे म्हणणे एवढेच. आपण बरोबर याच्या उलट वागतो.

क्षेत्रवादाविषयी माझ्या मनात आदर उरला आहे तो रोगोत्तर काळापुरता आणि प्रतिबंधापुरता, आणि हे काही लहान क्षेत्र नव्हे. त्या लालबागच्या तरुणाला रुग्णालयातून घरी आणल्यावर चार महिने मीच औषध दिले; पथ्य, पुनर्नवा, गोक्षुर, हळूहळू रसायन. ते त्याला मानवले. त्याची आई आजही गुडघ्यांसाठी येते आणि "तुम्हीच वाचवलंत हो पोराला" म्हणते. मी तिला खरे काय ते एकदा सांगितले. तिने ऐकून घेतले आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणाली.

२००५ च्या सप्टेंबरपासून माझ्या केसपेपरवर ज्वराच्या रकान्याखाली चार प्रश्न छापलेले आहेत. गेल्या महिनाभरात साचलेल्या पाण्यातून चाललात काय ? पायाला जखम किंवा भेग आहे काय ? घरात, कामाच्या जागी उंदीर आहेत काय ? कालपासून लघवी किती वेळा झाली ? पहिल्या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल तर नाडी पाहण्यापूर्वीच मी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहितो. हिंदमाताला पाणी तुंबल्याची बातमी आली की पुढचे पंधरा दिवस माझ्या मदतनीस ताई ते प्रश्न नोंदणीच्या टेबलावरच विचारून घेतात. ज्या वैद्यबंधुभगिनींना हा नमुना हवा असेल त्यांनी संपादकांकडे कळवावे. छापण्याचा खर्च फार येत नाही.